निबंधाला मार्क कसे द्यायचे, यावर आख्खं करिअर? हो, असतं तसं

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत कुणी "मी इंग्लिशचा प्रोफेसर" म्हणाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे एकच चित्र येतं, शेक्सपिअर, जाडजूड कादंबऱ्या, कवितेचा अर्थ लावत बसलेली पोरं. पण त्याच डिपार्टमेंटमध्ये असेही प्रोफेसर असतात ज्यांनी आख्खं करिअर एकाच प्रश्नावर काढलेलं असतं, की पोरांनी जे लिहिलंय ते चांगलं की वाईट हे ठरवायचं कसं आणि ठरवणार कोण. याला तिकडे रायटिंग असेसमेंट म्हणतात. आणि यातलेच काही लोक पुढे पब्लिक ह्युमॅनिटीज नावाच्या कामात शिरतात, म्हणजे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे कॉलेजच्या बाहेर काढून लायब्ररीत, हॉस्पिटलात, तुरुंगात, कम्युनिटी सेंटरमध्ये न्यायचं. बघणाऱ्याला वाटतं, एकीकडे मार्क देणं आणि दुसरीकडे लोकांसोबत बसून पुस्तकं वाचणं, या दोन गोष्टींचा काय संबंध. माझं म्हणणं असं की दोन्हीकडे भांडण एकच आहे: जे मोजायला सोपं ते मोजायचं, की जे खरंच हवंय त्याच्याकडे चार माणसांनी बसून नीट बघायचं.

आधी हे लिखाण शिकवायचं प्रकरण तिथल्या कॉलेजात आलं कुठून ते बघू. १८७४ साली हार्वर्डने प्रवेश परीक्षेत इंग्लिशमधून निबंध लिहायला लावला. हार्वर्डला येणारी पोरं म्हणजे चांगल्या शाळांतली, खात्यापित्या घरची, आणि तरी निम्म्याच्या आसपास नापास. मग ओरड सुरू झाली की पोरांना लिहिताच येत नाही (ही ओरड त्यानंतर दर पिढीत नव्याने होते, १९७५ च्या डिसेंबरमध्ये न्यूजवीकने कव्हर स्टोरी केली होती, जॉनीला लिहिता का येत नाही म्हणून). हार्वर्डने १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षाला लिखाणाचा सक्तीचा कोर्स लावला, बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला, आणि आज अमेरिकेत कुठल्याही विषयाची डिग्री घ्यायची म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाला कंपोझिशनचा कोर्स करावाच लागतो. हा कोर्स बऱ्याचदा मोठे प्रोफेसर शिकवत नाहीत, पीएचडी करणारी पोरं शिकवतात किंवा कॉन्ट्रॅक्टवरचे लोक. आपल्या गोष्टीतल्या प्रोफेसरचं करिअर सहसा इथूनच सुरू होतं, बावीस-पंचविसाव्या वर्षी हातात दोन वर्ग आणि समोर निबंधांचा ढीग.

ढीग म्हणजे किती? तिथल्या लिखाण शिकवणाऱ्यांच्या मुख्य संघटनेचं, जी १९४९ साली स्थापन झाली, म्हणणं आहे की लिखाणाच्या वर्गात २० पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, १५ असतील तर उत्तम. आता २० चे दोन वर्ग धरा, सेमिस्टरला प्रत्येकाचे ४ निबंध, म्हणजे १६० निबंध, एकाला १५ मिनिटं धरली तरी ४० तास नुसते वाचण्यात आणि शेरे लिहिण्यात जातात, आणि हे स्वतःची पीएचडी सांभाळून. त्यातून रात्री अकरा वाजता वाचलेल्या निबंधाला बी आणि सकाळी चहा पिऊन वाचलेल्या तसल्याच निबंधाला ए मायनस पडतो तेव्हा माणसाच्या मनात तो प्रश्न येतो ज्यातून हे सगळं शास्त्र निघालं: माझ्या या ग्रेडला अर्थ काय आहे?

हा प्रश्न जुना आहे. १९१२ साली विस्कॉन्सिनच्या स्टार्च आणि एलियट या दोघांनी हायस्कूलच्या इंग्लिशच्या दोन उत्तरपत्रिका घेतल्या, त्यांच्या कॉपी काढून वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांना पाठवल्या आणि म्हणाले तपासा. १४२ शिक्षकांनी तपासून पाठवल्या. एकाच पेपरला कुणी ६४ दिले होते कुणी ९८, दुसऱ्या पेपरला कुणी ५० तर कुणी ९७. शंभरातले हे मार्क, आणि पेपर तोच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. (पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीच्या पेपरवर हाच प्रयोग केला आणि तिथला फरक याहून मोठा निघाला, त्यामुळे गणितवाल्यांनी हसायचं कारण नाही.)

आता यावर उपाय काय? अमेरिकेने जो उपाय निवडला तो म्हणजे माणूसच काढून टाका. १९२६ साली पहिली एसएटी झाली, म्हणजे तिथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा, खुणा करायचे प्रश्न, उत्तर बरोबर नाहीतर चूक, तपासणाऱ्याच्या मूडचा संबंधच नाही. पुढे १९४७ साली ईटीएस नावाची परीक्षा घेणारी मोठी संस्था उभी राहिली आणि लिखाण सुद्धा असंच तपासायला लागले, म्हणजे वाक्य द्यायचं, चूक कुठे ते ओळखा, योग्य पर्यायावर खूण करा. निकाल एकदम पक्का, कुणीही तपासा, कधीही तपासा, मार्क तेच. फक्त पोरांनी एक ओळही लिहिलेली नसायची. गाता येतं का हे बघायला स्वरांची नावं विचारण्यातला प्रकार.

इथे या विषयातले दोन मोठे शब्द येतात, त्यांना घाबरू नका. एक रिलायबिलिटी, म्हणजे पुन्हा पुन्हा तपासलं तरी निकाल तोच येतो का. दुसरा व्हॅलिडिटी, म्हणजे आपल्याला जे तपासायचं होतं तेच तपासलं जातंय का, आणि त्या निकालावरून आपण जो निर्णय घेणार आहोत, समजा पोराला खालच्या वर्गात बसवायचा, तो निर्णय योग्य ठरतो का. खुणांच्या परीक्षेत पहिली भरपूर आणि दुसरीबद्दल शंका, निबंधाच्या परीक्षेत दुसरी बऱ्यापैकी आणि पहिलीची बोंब. शंभर वर्षांचं भांडण या दोघींच्या मध्ये चाललंय आणि आपला प्रोफेसर त्यात उभा असतो.

आता एका अभ्यासावर जरा थांबतो कारण मला तो या सगळ्यात जास्त आवडतो. १९६१ साली ईटीएसमध्येच पॉल डायडरिक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरांचे ३०० निबंध घेतले आणि ५३ वाचकांना दिले. वाचक फक्त इंग्लिशचे शिक्षक नव्हते हे महत्त्वाचं, त्यात सोशल सायन्सचे होते, सायन्सचे होते, लेखक-संपादक होते, वकील होते, कंपन्यांतले मोठे अधिकारी होते. कुणालाही निकष दिले नाहीत, फक्त सांगितलं की वाचा आणि गुणवत्तेप्रमाणे नऊ गठ्ठे करा. तर ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की त्यांना १ पासून ९ पर्यंत प्रत्येक ग्रेड कुणी ना कुणी दिलेली होती. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊ वेगवेगळ्या ग्रेड. आणि एकही निबंध असा नाही की ज्याला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या ग्रेड मिळाल्या.

बहुतेक लोक हा अभ्यास वाचून म्हणतात, बघा, माणसं किती बेभरवशाची. पण डायडरिकच्या टीमने वाचकांनी लिहिलेले शेरे बघितले आणि मार्कांचं गणित मांडलं, तर वाचकांचे पाच गट पडले. काहींना विचार महत्त्वाचा वाटत होता, काहींना मांडणी, काहींना व्याकरण-स्पेलिंग, काहींना शब्दांची निवड, आणि काहींना लिहिणाऱ्याचा स्वतःचा असा जो रंग असतो तो. म्हणजे माणसं आंधळेपणाने मार्क देत नव्हती, प्रत्येक जण काहीतरी खरंच बघत होता, फक्त वेगळं बघत होता. हे कळल्यावर दोन रस्ते होते. एक, या वेगळेपणातून काहीतरी शिकायचं, की अरे वकिलाला निबंधात जे दिसतं ते मास्तरला दिसत नाही, पोरांना हे सांगायला हवं की वेगवेगळे वाचक वेगवेगळं वाचतात. दुसरा रस्ता, याच गटांतून निकषांची यादी करायची, सगळ्या वाचकांना ट्रेनिंग द्यायचं की आता सगळ्यांनी असंच बघा, आणि मतभेद मिटवून टाकायचे. परीक्षेच्या धंद्याने दुसरा रस्ता घेतला. आज शाळा-कॉलेजात सगळीकडे दिसतात त्या चौकटी, रुब्रिक म्हणतात ते, डावीकडे निकष आणि वर १ ते ६, त्यांचा खापरपणजोबा हाच.

पण मी उगीच एकतर्फी बोलतोय असं वाटेल म्हणून सांगतो, की त्या काळात तो दुसरा रस्ता सुद्धा मोठी सुधारणा होती. १९७३ साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत एडवर्ड व्हाइट नावाच्या इंग्लिशच्या प्रोफेसरने पुढाकार घेऊन एक परीक्षा उभी केली ज्यात पोरांना खरोखर लिहायला लावायचं आणि इंग्लिशच्याच शिक्षकांनी ते तपासायचं. तपासायची पद्धत होलिस्टिक स्कोअरिंग. एका हॉलमध्ये शिक्षक गटागटाने टेबलांवर बसतात, आधी सगळे मिळून काही नमुन्याचे निबंध वाचतात, हा ५ का, तो ३ का यावर वाद घालतात, हळूहळू सगळ्यांचा अंदाज जवळ येतो, मग खरे निबंध सुरू. एक निबंध एकदाच भरभर वाचायचा, चुकांवर खुणा करत बसायचं नाही, पूर्ण निबंधाची एकच ग्रेड द्यायची. प्रत्येक निबंध दोघं जण वाचतात, दोघांच्या मार्कांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे जातो. या पद्धतीमुळे लिखाण तपासणं पुन्हा लिखाण शिकवणाऱ्यांच्या हातात आलं, आणि व्हाइटसारख्या लोकांमुळे असेसमेंट हा इंग्लिश डिपार्टमेंटमध्ये करिअर करण्यासारखा विषय झाला, नाहीतर तोपर्यंत ते आकडेवाल्या लोकांचं काम समजलं जायचं.

तिथे बसलेले बरेच शिक्षक म्हणतात की वर्षभरातलं सगळ्यात चांगलं शिक्षण त्या सुरुवातीच्या वादात झालं. पाच शिक्षक एकाच निबंधावर भांडतायत, एक म्हणतोय याचा युक्तिवाद पोकळ आहे, दुसरी म्हणतेय पण तिसऱ्या परिच्छेदात तो स्वतःचंच म्हणणं तपासून बघतोय ते दिसलं नाही का, आणि मग पहिला परत वाचतो. इथे खरं काम होतं. आणि मग पद्धतीच्या नियमाप्रमाणे हा वाद संपवायचा असतो, कारण मार्क जुळायला हवेत.

हाच मुद्दा बॉब ब्रॉड नावाच्या इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीतल्या इंग्लिशच्या प्रोफेसरने २००३ च्या पुस्तकात धरून ठेवला. तो एका युनिव्हर्सिटीत जाऊन बसला, पहिल्या वर्षाच्या पोरांचं लिखाण पास करायचं की नापास यावर शिक्षक जे बोलतात ते सगळं टेप करून घेतलं आणि वाक्यावाक्याने तपासलं, की ही माणसं कशाला चांगलं म्हणतायत आणि कशाला वाईट. निघाले डझनावारी निकष, जे कुठल्याही रुब्रिकमध्ये नसतात, लिहिणारा शिकतोय असं दिसतंय का, त्याने धोका पत्करलाय का, वाचताना मी हललो का. त्याचं म्हणणं सरळ होतं, छापील चौकट पोरांना खोटं सांगते, आम्ही याच्यावर मार्क देतो म्हणते आणि शिक्षक भलत्याच गोष्टीवर देतात. त्यापेक्षा शिक्षकांनी बसून आधी खरंच आपल्याला काय आवडतं याचा नकाशा काढावा आणि तो पोरांना दाखवावा. मला हे पटतं, पण यात वेळ प्रचंड जातो हेही तितकंच खरं, आणि डीनला वेळ म्हणजे पैसे.

आता जरा मागे जाऊन न्यूयॉर्कला. १९७० साली तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या कुणालाही प्रवेश देऊ केला. एकदम हजारो पोरं आली, बरीचशी गरीब, कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन, घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. त्यांचे निबंध बघून अनेक प्रोफेसर हादरले, म्हणाले यांना शिकवणं शक्य नाही. मीना शॉनेसी नावाच्या बाईंनी मात्र १९७० ते १९७४ मधले अशा पोरांचे सुमारे ४,००० निबंध वाचले आणि १९७७ साली पुस्तक लिहिलं, त्यातला गाभा असा की या चुका वेंधळेपणाच्या नाहीत, त्यांच्यामागे तर्क आहे, पोरगं एक नियम अर्धवट शिकून दुसरीकडे लावतंय, आणि तो तर्क ओळखता आला तर शिकवता येतं. हे सुद्धा असेसमेंटच. पेपरवर लाल खूण करायच्या आधी लिहिणाऱ्याने असं का लिहिलं असेल याचा विचार करणं. पुढच्या सगळ्या पिढीवर या बाईंचा परिणाम आहे, भले नंतरच्या लोकांनी त्यांच्यावर टीकाही केली.

१९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातच स्टोनी ब्रूक युनिव्हर्सिटीत पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी पास व्हायची एकदाची परीक्षा काढून टाकली आणि पोर्टफोलिओ आणला. म्हणजे दोन तासांत अनोळखी विषयावर लिहून दाखव असं नाही, सेमिस्टरभर लिहिलेल्यातलं निवडून, सुधारून, एक फाईल दे, त्यात तू काय का निवडलंस याचंही पत्र लिही, आणि ती फाईल तुझ्या शिक्षकाशिवाय दुसराही शिक्षक वाचेल. एखादाच वाईट दिवस पोराला बुडवत नाही. याच विषयातल्या अभ्यासक कॅथलीन ब्लेक यान्सी यांनी १९९९ मध्ये या सगळ्या इतिहासाच्या तीन लाटा सांगितल्या, आधी खुणांच्या परीक्षा, मग एकेक निबंध, मग पोर्टफोलिओ, आणि आजही या विषयातली पोरं हीच मांडणी शिकतात. लाटा म्हटलं तरी जुनी लाट जात नाही बरं का, तिन्ही प्रकार आजही चालू आहेत, एकाच कॅम्पसवर सुद्धा.

आणि शेजारी मशीन बसलेलं आहे ते वेगळंच. एलिस पेज नावाच्या माणसाने १९६६ साली पंच कार्डच्या काळात कॉम्प्युटरने निबंध तपासायचा प्रोग्राम केला. मशीनला अर्थ कळत नव्हता, ते निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम अशा गोष्टी मोजायचं आणि माणसांच्या सरासरी मार्कांच्या बऱ्यापैकी जवळ जायचं. १९९९ पासून जीमॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेशाच्या परीक्षेच्या, निबंधांना एक माणूस आणि एक मशीन असे दोन परीक्षक लागले. मग २००५ साली एसएटीमध्ये २५ मिनिटांचा निबंध आला, आणि एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी उघड झालेले नमुने बघून दाखवलं की निबंध जितका लांब तितके मार्क जास्त, आणि त्यात लिहिलेली माहिती धडधडीत चुकीची असली तरी फरक पडत नाही. लक्षात घ्या, हे माणसांनी तपासलेले निबंध होते, घाईत वाचायला लावलं की माणूसही मशीनसारखं लांबी मोजायला लागतो. २०१४ मध्ये त्यांनी काही विद्यार्थ्यांसोबत असा प्रोग्राम बनवला जो दोन-तीन शब्द दिले की पूर्ण निरर्थक पण भारदस्त निबंध तयार करतो, आणि तपासणाऱ्या मशीनने त्याला भरघोस मार्क दिले. एसएटीचा निबंध २०१६ ला ऐच्छिक झाला आणि २०२१ ला बंद झाला. आता निबंध लिहिणारं मशीन पोरांच्या खिशातच आहे, त्यावर वेगळा लेख होईल, इथे त्यात शिरत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, असेसमेंटचेच अभ्यासक आसाओ इनोवे यांचं काम. त्यांनी २०१५ पासूनच्या पुस्तकांत विचारलं की "चांगलं इंग्लिश" नावाचं जे माप आहे ते नेमकं कुणाच्या घरात बोललं जाणारं इंग्लिश आहे, आणि उत्तर आलं, गोऱ्या मध्यमवर्गाचं. त्यांचा उपाय असा की ग्रेड भाषेच्या दर्जावर द्यायचीच नाही, ठरलेलं काम मेहनतीने पूर्ण केलं की ठरलेली ग्रेड, आणि दर्जावर भरपूर चर्चा करायची पण मार्क न लावता. यावर त्या क्षेत्रात अजून कडाक्याचा वाद चालू आहे. मला स्वतःला वाटतं की मेहनत मोजणं दर्जा मोजण्याइतकंच अवघड आहे, नोकरी करून शिकणाऱ्या पोराकडे तास कुठून येणार, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आता कुणाला टाळता येत नाही.

बरं, आता पब्लिक ह्युमॅनिटीजकडे येऊ. १९६५ साली सप्टेंबरमध्ये प्रेसिडेंट जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज, थोडक्यात एनईएच, ही सरकारी संस्था जन्माला आली. कायद्यातच म्हटलंय की लोकशाहीला आपल्या नागरिकांत शहाणपण आणि दृष्टी लागते, नुसतं विज्ञान-तंत्रज्ञान पुरत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्याराज्यांत ह्युमॅनिटीज कौन्सिल उभी राहिली, आज अशी ५६ आहेत, राज्यांची ५० आणि बाकी राजधानी आणि बेटांच्या प्रदेशांची. एनईएचचा पैसा या कौन्सिलांकडे येतो आणि तिथून लहान गावातल्या लायब्ररीतला वाचनगट, म्युझियमचं फिरतं प्रदर्शन, युद्धावरून आलेल्या सैनिकांसोबत वाचन, अशा कामांना छोट्या छोट्या रकमा जातात. या कार्यक्रमांत चर्चा चालवायला कुणीतरी लागतं, आणि तिथे आपला प्रोफेसर पोचतो.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण क्लेमेंटे कोर्स. अर्ल शॉरिस नावाचा लेखक गरिबीवर पुस्तक लिहीत होता, त्यासाठी बेडफर्ड हिल्सच्या बायकांच्या तुरुंगात गेला, तिथल्या एका कैदी बाईला विचारलं की लोक गरीब का राहतात, तर ती म्हणाली नोकरी-पैसा नंतर, आधी पोरांना नाटकं, म्युझियम, कॉन्सर्ट, लेक्चर हे जग दाखवा, जे खात्यापित्या लोकांच्या पोरांना सहज मिळतं. त्याने ते मनावर घेतलं आणि १९९५ साली मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला एका सामाजिक संस्थेच्या जागेत कोर्स सुरू केला. तत्त्वज्ञान, साहित्य, कला, अमेरिकेचा इतिहास, तर्कशास्त्र. फी नाही, सबवेचं भाडं कोर्सकडून, आणि सुरुवात सॉक्रेटिसपासून, सोपं करून नाही, आहे तसा. विद्यार्थी बेघर, व्यसनातून बाहेर पडलेले, तुरुंगातून सुटलेले. बार्ड कॉलेजने त्याला क्रेडिट दिलं, नंतर कोर्स बऱ्याच शहरांत पसरला आणि २०१४ चं नॅशनल ह्युमॅनिटीज मेडल या कोर्सला मिळालं. दुसरं उदाहरण मेन राज्याचं, तिथल्या कौन्सिलने १९९७ मध्ये हॉस्पिटलातल्या लोकांसाठी साहित्य आणि वैद्यक असा वाचनगट काढला, डॉक्टर, नर्स आणि इतर स्टाफ एकत्र बसून कथा-कविता वाचतात. एरवी जे वरून खाली ऑर्डर देतात-घेतात ते इथे एकाच कवितेवर आपापलं मत मांडतात, आणि नर्सला जे दिसलं ते सर्जनला दिसलेलं नसतं.

आता डायडरिकचे ५३ वाचक आठवा. वकील, सायंटिस्ट, संपादक, कंपनीचे अधिकारी, एकाच लिखाणात प्रत्येकाला वेगळं दिसतंय. परीक्षेत तीच अडचण होती, इथे त्याचसाठी लोकांना बोलावलंय. आणि ते वेगळेपण घेऊन चर्चा चालवायची, कुणाला गप्प न करता, "तुम्हाला हे कुठल्या ओळीत दिसलं?" असं विचारत, हे कौशल्य वीस वर्षं निबंधांच्या टेबलांवर बसलेल्या माणसाकडे तयारच असतं. साहित्याच्या प्रोफेसरला सवय असते व्याख्यान द्यायची, असेसमेंटवाल्याला सवय असते बाकीच्यांनी काय वाचलं ते काढून घ्यायची. लायब्ररीत दुसऱ्याचा जास्त उपयोग होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मोजणी इथेही पाठ सोडत नाही. ग्रँट घेतली की शेवटी रिपोर्ट द्यायचा, किती लोक आले, किती समाधानी, १ ते ५ मध्ये सांगा. लोअर ईस्ट साइडच्या त्या वर्गात काय झालं हे हजेरीपटावरून कळणार आहे का? खुणांच्या परीक्षेत लिखाण जसं गायब होतं तसंच इथे वाचन गायब होतं, राहतात फक्त डोकी. म्हणून असेसमेंटमधून आलेला प्रोफेसर इथे दुसऱ्या अर्थानेही कामाचा, तो कौन्सिलला सांगू शकतो की फॉर्मऐवजी लोकांनी पहिल्या आणि शेवटच्या बैठकीत लिहिलेली पानं ठेवा, दोन-तीन जण मिळून ती वाचा, त्यात काय बदललं ते लिहा. वेळ लागतो, पण पैसे कापायची वेळ आली की दाखवायला काहीतरी असतं. आणि ती वेळ आली, २०२५ च्या एप्रिलमध्ये एनईएचने चालू ग्रँट एकाएकी रद्द केल्या, राज्यांच्या कौन्सिलांचा पैसा थांबला, मेलन फाउंडेशन या खाजगी देणगी संस्थेने तातडीने दीड कोटी डॉलर दिले तेवढ्यावर काहींनी तग धरला. दाखवायला पानं होती म्हणून कुणाचे पैसे वाचले असं मी म्हणणार नाही, असा निर्णय राजकारणाने होतो. पण गावातल्या लोकांनी आपल्या आमदार-खासदाराला पत्र लिहायचं तर त्यात काय लिहायचं, त्याला त्या पानांचा उपयोग होतो.

राहिलं प्रोफेसरच्या स्वतःच्या मार्कांचं. अमेरिकेत असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलात की साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरची फाईल जाते, मिळालं तर नोकरी पक्की, नाही मिळालं तर वर्षभरात दुसरीकडे बघा. फाईलमध्ये तीन खाती, संशोधन, शिकवणं आणि सर्व्हिस, आणि मोठ्या युनिव्हर्सिटीत खरं वजन पहिल्याला. आता असेसमेंटवाल्याचं अर्धं आयुष्य जातं रायटिंग प्रोग्रॅम चालवण्यात, नव्या शिक्षकांना ट्रेनिंग देण्यात, मान्यता देणाऱ्या संस्थेसाठी रिपोर्ट लिहिण्यात. ते सगळं सर्व्हिसमध्ये टाकलं जातं, म्हणजे आभारी आहोत, पुढे. तुरुंगातला वाचनगट? तोही सर्व्हिस. इतर तीन प्रोफेसर वाचतील असं आर्टिकल? ते संशोधन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिखाणाचं नीट मोल करायला शिकवलेल्या माणसाचं मोल कमिटी करते ते यादीतली आर्टिकलं मोजून.

यावरही काम झालंय. इमॅजिनिंग अमेरिका नावाचा युनिव्हर्सिट्यांचा एक गट १९९९ साली सुरू झाला, त्यांनी २००८ मध्ये टेन्युअरच्या नियमांवर रिपोर्ट काढला. त्यातल्या दोन शिफारशी आपल्या कामाच्या. एक, लोकांसोबत केलेलं काम पोर्टफोलिओच्या रूपात मांडू द्या, प्रकल्प काय होता, का होता, त्यातून काय निघालं हे सगळं एका फाईलमध्ये, अगदी स्टोनी ब्रूकच्या पोरांसारखं. दुसरी, फाईल कोण तपासणार ती यादी मोठी करा, ज्या लोकांसोबत काम केलं त्यातल्या जाणकारांचंही मत घ्या, नुसतं दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरांचं नको. काही ठिकाणी नियमात तसे बदल झाले. बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये अजून आर्टिकलंच मोजतात, त्यामुळे या विषयातले सीनियर लोक नव्या पोरांना सल्ला देतात तो साधा आहे, वाचनगट चालवा पण पहिल्या बैठकीपासून कागद जपून ठेवा, आणि त्यावर टेन्युअरच्या आधी दोन आर्टिकलं लिहून टाका.